पाइप परत आणू नका, माणसं कमी करा

फॉर्म्युला वनची एखादी रेस जरा मिळमिळीत झाली, पहिला पहिलाच राहिला, दुसरा दुसराच राहिला की त्या रात्री हमखास कुणीतरी म्हणतं, रिफ्युएलिंग, म्हणजे रेसच्या मध्येच थांबून पेट्रोल भरणं, परत आणा राव, तेव्हा मजा होती. आणि खोटं कशाला बोलू, मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो, कारण मी रेसिंग बघायला लागलो तेच मुळी पेट्रोलच्या पाइपच्या काळात, त्यामुळे पिट स्टॉप, म्हणजे रेसच्या मध्येच गाडीचं आपल्या टीमपाशी येऊन थांबणं, म्हटलं की डोळ्यासमोर हेल्मेट घातलेली दोन-तीन माणसं तो जाडजूड पाइप खांद्यावर घेऊन गाडीच्या अंगावर धावतायत हेच चित्र यायचं. मग मध्ये एकदा जुन्या रेसेस परत बघायला घेतल्या आणि यावेळी गाडीकडे न बघता मुद्दाम बाकीच्या माणसांकडे बघत बसलो, टायरवाल्यांकडे, आणि तिथे माझं मत फिरलं.

तुम्हीही करून बघा. २००० ते २००९ मधली कुठलीही रेस घ्या. गाडी येते, जॅकवर चढते, चारही चाकं निघतात, नवीन बसतात, साधारण तीन-चार सेकंदांत टायरवाल्यांचं काम संपतं, हात वर होतात. आणि मग काही नाही. सगळे उभे. पंधरा-सोळा माणसं त्या एका पाइपकडे बघत उभी, ड्रायव्हर समोर धरलेल्या ‘थांब’च्या पाटीकडे, म्हणजे लॉलीपॉपकडे, बघत बसलेला, कॉमेंटेटर सेकंद मोजतोय, सहा, सात, आठ... आणि सगळ्यांना माहितीये की किती सेकंद लागणार, कारण ते सकाळीच ठरलंय! ज्याला आपण थरार म्हणत होतो तो थरार म्हणजे टाकी भरायची वाट बघणं होतं.

इथेच सगळी गोम आहे. पिट स्टॉपला किती वेळ लागतो याचं उत्तर सोपं आहे, त्यातल्या सगळ्यात सावकाश कामाला जितका लागतो तितका. चार चाकं एकदम बदलतात म्हणून चारांची बेरीज होत नाही, जे चाक शेवटी बसलं तो तुमचा वेळ. पेट्रोल त्याच वेळी भरायची परवानगी असेल तर पेट्रोल आणि टायर यांचीही बेरीज होत नाही, ज्याला जास्त वेळ लागला तो जिंकला, म्हणजे तुम्ही हरलात. आणि फॉर्म्युला वनमध्ये १९९४ ते २००९ या काळात ते काम जवळजवळ नेहमी पेट्रोलचं असायचं.

आता हे पेट्रोल जायचं कसं तेही बघा. सगळ्या टीम्सना मशीन एकाच फ्रेंच कंपनीचं, इंटरटेक्निकचं, आणि वेग सेकंदाला साधारण १२ लिटर, सगळ्यांना तोच. आठ सेकंद पाइप लावला तर ९६ लिटर, वजनात सांगायचं तर ७० किलोच्या आसपास. तुमच्याकडे जगातला सर्वात चपळ मेकॅनिक असला तरी त्या आठ सेकंदांचे सात होणार नाहीत. तो फार तर नॉझल पटकन लावेल नि पटकन काढेल, मधले सेकंद त्याचे नाहीतच, मशीनचे आहेत. म्हणजे स्टॉपमधलं जे काम वेळ ठरवत होतं त्यात कसब दाखवायला जागाच नव्हती, आणि ज्या कामात कसब होतं त्याने वेळ ठरत नव्हता. टायरवाला एक सेकंद लवकर मोकळा झाला तर काय, एक सेकंद जास्त उभा राहिला, बस.

हे नुसतं माझं म्हणणं नाहीये, आकडे बघा. १९८४ पासून पेट्रोल बंद होतं, फक्त टायर, आणि १९९३ मध्ये बेल्जियमला बेनेटन टीमने आपला ड्रायव्हर पात्रेसे याच्या गाडीचे चारही टायर ३.२ सेकंदांत बदलले होते. पुढच्याच वर्षी पाइप परत आला आणि स्टॉप दुपटीच्या वर गेले. मग सोळा सीझन टायर बदलण्याचा वेग वाढवण्यात फारसा कुणाला रस नव्हता, का असेल, उपयोगच काय? २०१० ला पाइप गेला आणि २०१३ मध्ये रेड बुल टीमने अमेरिकेत ऑस्टिनला आपला ड्रायव्हर वेबर याच्या गाडीचे टायर १.९२ सेकंदांत बदलले. पुढे २०१९ मध्ये ब्राझीलला व्हर्स्टॅपेनचा १.८२, मग २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनने नॉरिसचा १.८० केला. नट, चाक, नट फिरवणारी गन, जॅक सगळ्याची नव्याने डोकेफोड झाली, कारण आता त्या अर्ध्या सेकंदाला किंमत आली होती. ताशी ३०० ला गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते, म्हणजे अर्धा सेकंद म्हणजे चाळीसेक मीटर, आणि पिटमधून बाहेर पडताना चाळीस मीटर पुढे का मागे यावर अख्खी रेस फिरते.

दोन सेकंदांचा स्टॉप खूप लहान वाटतो म्हणून त्यात काही नसतं असं लोक म्हणतात, तर एकदा स्लो मोशनमध्ये बघा. गनवाला गाडी थांबायची वाटच बघत नाही, ती सरकत येत असतानाच त्याची गन नटावर बसते, नट सुटतो, एकाने जुनं चाक ओढलं की दुसऱ्याचं नवीन तयारच असतं, नट चाकातच अडकवलेला त्यामुळे शोधाशोध नाही, परत गन, परत नट, मग गनवाल्याने बटण दाबायचं, चारही बटणं आली की जॅक खाली आणि दिवा हिरवा. एका चाकाला तिघं, म्हणजे बारा, पुढे-मागे जॅकवाले, बाजूने गाडी धरणारे, मिळून वीसेक माणसं. ड्रायव्हर वीतभर पुढे थांबला तर गनवाल्याला गुडघ्यावर सरकावं लागतं आणि तिथेच अर्धा सेकंद गेला! म्हणजे ड्रायव्हरही त्या स्टॉपचा भाग आहे, पाइपच्या काळात तो वीतभर चुकला तरी आठ सेकंदांत सगळं भरून निघायचं.

आणि चुका. टायरच्या स्टॉपमधल्या चुका म्हणजे अगदी माणसाच्या चुका. २०१८ ची ऑस्ट्रेलिया आठवा, हास टीमच्या दोन गाड्या चौथ्या आणि पाचव्या, त्या टीमसाठी स्वप्नच, आणि पिटमध्ये दोन्ही गाड्यांचं एकेक चाक नीट न बसल्यामुळे काही मिनिटांत दोन्ही बाहेर. २०२० ला साखीरमध्ये मर्सिडीजने रेडिओच्या गोंधळात रसेलला चक्क बोटासचे टायर लावले. २०२१ च्या मोनॅकोत बोटासच्या चाकाचा नट गनने असा सोलवटून काढला की चाक निघालंच नाही, गाडी तिथेच रिटायर, आणि ते चाक नंतर फॅक्टरीत नेऊन काढावं लागलं. दोन सेकंदांच्या कामाला जवळपास दोन दिवस लागले.

आता दुसरी बाजू, कारण पाइपवाल्यांचं सगळंच चूक नाहीये. त्यांचं खरं म्हणणं स्टॉपच्या सेकंदांबद्दल नसतं, वजनाबद्दल असतं. ढोबळ हिशोब असा की दहा किलो पेट्रोल जास्त असेल तर लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला, ०.३ सेकंद जातात. २०१९ ते २०२५ या काळात नियमाने रेसला ११० किलोपर्यंत पेट्रोल वापरता यायचं, म्हणजे सुरुवातीच्या लॅप्सना गाडी रिकाम्या टाकीपेक्षा तीन सेकंदांनी सावकाश, आणि ड्रायव्हर टायर जपत, पेट्रोल जपत, ब्रेक जपत चाललेला, नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते हेच. पाइपच्या काळात गाडी हलकी असायची, ड्रायव्हर प्रत्येक लॅप जीव तोडून मारायचा. हे खरंय. त्या आवाजाची, त्या चपळ गाड्यांची आठवण मलाही येते.

आणि स्ट्रॅटेजीचे ते किस्से. १९९८ ला हंगेरीत फेरारीची स्ट्रॅटेजी ठरवणाऱ्या रॉस ब्रॉनने आपला ड्रायव्हर शुमाकरला अचानक तीन स्टॉपवर टाकलं आणि तो जिंकला. २००४ ला फ्रान्समध्ये तर चार स्टॉप! रेनोचा अलोन्सो पुढे, रस्त्यावर ओव्हरटेक होत नाहीये, तर फेरारीने टाकी थोडी थोडी भरत गाडी हलकी ठेवली आणि शुमाकर जिंकला. बुद्धीचं काम आहे, मान्य. पण जरा थांबून विचारा की यात आपण बघितलं काय? ओव्हरटेक झालाच नाही. मोकळ्या ट्रॅकवर एकटी गाडी पळत होती आणि भिंतीजवळ बसलेला माणूस गणित करत होता, आणि गणिताचं उत्तर आपल्याला स्टॉपनंतर कळलं. एकदा अप्रतिम, दोनदा छान, पण वर्षभर हेच असेल तर ड्रायव्हरही म्हणतो कशाला धोका घेऊ, पुढच्या स्टॉपला दोन लॅप जास्त थांबेन नि पुढे निघेन. त्या काळात किती वेळा पुढची गाडी मागचीला अडवतेय आणि मागचा आरामात वाट बघतोय, हे ज्यांनी तेव्हाच्या अख्ख्या रेसेस बघितल्यात (हायलाइट्स नव्हे!) त्यांना सांगायला नको.

क्वालिफाइंगचं, म्हणजे रेसला कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या शनिवारच्या लॅप्सचं, तर वाटोळंच झालं होतं. २००३ पासून शेवटच्या राउंडला रेसचंच पेट्रोल टाकीत ठेवून लॅप मारायचा, म्हणजे पोल, सुटतानाची पहिली जागा, कुणाची तर जो हलका आला त्याची. २००९ मध्ये तर क्वालिफाइंगनंतर गाड्यांची वजनं जाहीर करायचे, मग आपण कागद घेऊन बसायचं की हा तिसरा आलाय पण दहा किलोने जड आहे म्हणजे खरा पहिला हाच. शनिवारी सगळ्यात फास्ट कोण हा साधा प्रश्न, त्यालाही वजनकाटा लागायला लागला.

पाइपमुळे नियमांचेही कसे हाल झाले त्याचा कळस म्हणजे सिंगापूर २००८. तेव्हा नियम होता की अपघातानंतर सगळ्यांना सावकाश चालवणारी सेफ्टी कार आली की पिट बंद. पण टाकीच संपत आली असेल तर? तर यायचं आणि पेनल्टी खायची, रोझबर्ग आणि कुबित्सा दोघांनी खाल्ली, चूक काहीच नसताना. अलोन्सोने आधीच येऊन पेट्रोल भरलेलं, लगेच त्याच्याच टीमच्या पिकेने गाडी भिंतीवर आपटली, सेफ्टी कार आली, अलोन्सो जिंकला, आणि ती धडक मुद्दाम होती हे पुढच्या वर्षी बाहेर आलं. टाकीच्या गणितावर इतकं अवलंबून असेल तर कुणीतरी ते गणित असं सोडवणारच. आणि त्याच रेसमध्ये फेरारीचा मासा. पोलवर, पहिला, पिटमध्ये आला, फेरारीने लॉलीपॉपवाल्या माणसाऐवजी दिवे लावले होते, दिवा हिरवा झाला आणि मासा पाइपसकट निघाला. पिट लेनच्या टोकाला गाडी थांबलेली, मागे पाइप शेपटीसारखा लोळतोय आणि फेरारीचे मेकॅनिक अख्खी पिट लेन धावत चाललेत, हे दृश्य एकदा बघितलं की विसरता येत नाही. वर पेनल्टी, शेवटी तेरावा. वर्षाअखेर तो चॅम्पियनशिप एका पॉइंटने हरला. तेल गेलं तूप गेलं हाती धुपाटणं आलं, इथे तर अक्षरशः.

आगीबद्दल मी फार लिहीत नाही, कारण तो मुद्दा सगळ्यांना पाठ आहे. १९९४ ला हॉकेनहाइममध्ये योस व्हर्स्टॅपेनची बेनेटन पेटली, मशीनमधला फिल्टर काढलेला होता हे नंतर निघालं. २००३ ला ऑस्ट्रियात शुमाकरच्या गाडीला आग लागली, तो गाडीतच बसून राहिला आणि रेस जिंकलाही. २००९ ला ब्राझीलमध्ये कोवालायनेन पाइप घेऊन निघाला आणि मागच्या रायकोनेनवर पेट्रोल उडून भडका झाला. त्याआधी १९८१ ला अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रेसला रिक मिअर्स या ड्रायव्हरच्या पिटमध्ये मिथेनॉल पेटलं, ज्याची ज्योत दिसतच नाही, माणसं जळतायत आणि बघणाऱ्याला कळत नाही की ही नाचतायत का. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर टायरचा स्टॉपही सुरक्षित नाहीये. २०१३ ला जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला वेबरचं सुटलेलं चाक कॅमेरामनवर आदळलं, त्यानंतर पिट लेनचा वेग १०० वरून ८० वर आणला. २०१८ ला बहरीनमध्ये एक मागचं चाक निघालंच नव्हतं तरी रायकोनेनला सोडलं आणि समोरच्या मेकॅनिकचा पाय मोडला. तेव्हा पाइप म्हणजे मृत्यू आणि टायर म्हणजे खेळणं असं मी म्हणणार नाही, माझा आक्षेप आगीपेक्षा त्या थांबून राहण्याला जास्त आहे.

मग उलटं करून बघितलं तर? पेट्रोल ठेवा, टायर बदलणं बंद करा. हेही झालंय. २००५ मध्ये एकच सेट, क्वालिफाइंग आणि पूर्ण रेस त्यावरच, पेट्रोल मात्र भरा. पंक्चर किंवा धोका असेल तरच टायर बदलायचा. त्या वर्षी युरोपियन ग्रां प्रीत, न्युर्बुर्गरिंगला, रायकोनेन पहिला होता, एका गाडीला मागे टाकताना ब्रेक लॉक होऊन पुढचा टायर एका जागी चपटा झाला, गाडी इतकी थरथरायला लागली की टीव्हीवर बघतानाही दात वाजावेत. टीमने ठरवलं, राहू दे, पहिला नंबर सोडायचा नाही. शेवटच्या लॅपला पहिल्याच वळणावर, ब्रेक मारताना, सस्पेन्शनच तुटलं आणि गाडी गेली भिंतीकडे, अलोन्सो जिंकला. त्यानंतर तीन आठवड्यांनी इंडियानापोलिस, मिशेलिन कंपनीचे टायर तिथल्या तिरप्या वळणावर टिकेनात, १४ गाड्या फॉर्मेशन लॅप, म्हणजे रेसआधीची फेरी, करून पिटमध्ये निघून गेल्या आणि सहा गाड्यांची रेस झाली. टायर बदलता आले असते तर तेवढ्याने तिथला प्रश्न सुटला असता असं नाही, पण ‘एकच सेट’ या कल्पनेची हौस फिटली, २००६ ला टायर बदलणं परत.

म्हणजे बघा, खेळाने सगळी कॉम्बिनेशन्स करून बघितलीयेत. दोन्ही, नुसतं पेट्रोल, नुसते टायर. २०१५ मध्ये परत पेट्रोल आणायचा प्रस्ताव आला, टीम्सनी हिशोब केला आणि बासनात गेला, मुख्य कारण खर्च, जगभर ती मशीनं नि माणसं फिरवायची. तरी दर दोन वर्षांनी कुणीतरी तेच पालुपद घेऊन येतंच.

अमेरिकेत चालतं ना, हा शेवटचा मुद्दा असतो, आणि तो मात्र विचार करण्यासारखा आहे. इंडीकार या तिथल्या रेसिंग सीरिजमध्ये पेट्रोल आहे आणि रेस मजेदार आहेत. २०१६ ची शंभरावी इंडियानापोलिस ५०० रॉसी जिंकला तो पेट्रोल वाचवत वाचवत, शेवटी रिकाम्या टाकीवर जवळजवळ घरंगळत लाइन ओलांडली. यापेक्षा भारी शेवट काय असणार! पण त्यात मजा कशाची होती? पिटमध्ये न येण्याची. पाइपने ती रेस रंगवली नाही, बाकीचे पेट्रोलला आत गेले आणि हा बाहेर राहिला त्याने रंगवली. शिवाय तिथे अपघात झाला की रेस सावकाश करणारे पिवळे झेंडे वरचेवर येतात, सगळी गणितं पुन्हा पुन्हा मोडतात, म्हणून अंदाज लागत नाही. फॉर्म्युला वनमध्ये गणित बहुतेक वेळा मोडत नाही, रविवारी सकाळी कॉम्प्युटरने सांगितलेलं दुपारी होतं.

अमेरिकेकडून घ्यायचंच असेल तर पाइप घेऊ नका, माणसांची संख्या घ्या. इंडीकारमध्ये भिंतीवरून उडी मारून गाडीपाशी येणारे सहा-सात, नॅस्कार या तिथल्याच दुसऱ्या सीरिजमध्ये पाच. पाच! नॅस्कारमध्ये तीच माणसं आधी उजव्या बाजूची दोन चाकं बदलतात, मग गाडीला वळसा घालून डावीकडे धावतात, जॅकवाला तो जॅक हातात घेऊन पळतो. आणि म्हणून तिथे प्रश्न पडतो की चार टायर घ्यायचे का दोनच घेऊन लवकर सुटायचं. हा निर्णय फॉर्म्युला वनमध्ये पडूच शकत नाही कारण बारा माणसं चारही चाकांवर एकदम तुटून पडतात, दोन बदलले काय नि चार बदलले काय, दोन सेकंदच. तिथलंच दुसरं उदाहरण, २०२१ पर्यंत एका चाकाला पाच नट होते, २०२२ ला एकच मोठा नट आला, चाकं पटापट व्हायला लागली आणि मग टायरवाले मोकळे होऊन पेट्रोलच्या कॅनची वाट बघत उभे राहायला लागले. तेच, आपलं २००४!

फॉर्म्युला वनमध्ये वीसच्या जागी समजा आठच माणसं ठेवली, एका चाकाला एकच, तर स्टॉप दोनाचा पाच-सहा सेकंदांचा होईल. तेवढा वेळ पाइपच्या काळाच्या जवळपासच आहे, म्हणजे ज्यांना मोठे स्टॉप हवेत त्यांना ते मिळाले, पण यातला प्रत्येक सेकंद माणसाचा असेल. एकाला चाक काढायचं, ठेवायचं, उचलायचं, बसवायचं, गन मारायची. दमलेला माणूस चुकेल, तयारीचा माणूस वाचवेल, आणि मागचेच दोन टायर बदलून लवकर निघू का हा प्रश्न खरा प्रश्न होईल. २०२१ मध्ये एफआयएने, म्हणजे नियम करणाऱ्या संस्थेने, तसंही सांगितलंच की नट घट्ट झाल्यापासून जॅक खाली येईपर्यंत माणसाच्या प्रतिक्रियेइतका वेळ जायलाच हवा, सगळं सेन्सरवर सोडू नका. म्हणजे माणूस ठेवायचा हे त्यांनाही पटलंय.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच पडतो, की स्टॉप महाग केला तर टीम्स स्टॉपच कमी करतील. करतील, बरोबर आहे. आत्ताही एकाच स्टॉपकडे कल असतोच. पण त्याचं औषध टायरमध्ये आहे, आणि तेही करून बघितलंय. कतारला २०२३ मध्ये एका सेटला जास्तीत जास्त १८ लॅप अशी मर्यादा घातली होती, सुरक्षेसाठी, तर सगळ्यांना तीन स्टॉप करावे लागले आणि ड्रायव्हर पहिल्यापासून शेवटपर्यंत तुटून पडले, टायर जपायचं कारणच उरलं नाही. पाइपच्या काळातली जी गोष्ट सगळ्यांना हवीये, जीव तोडून गाडी चालवणं, ती पेट्रोलशिवाय झाली. (मोनॅकोत २०२५ ला दोन स्टॉप सक्तीचे केले तर टीम्सनी एका गाडीला मुद्दाम सावकाश चालवून दुसऱ्याला जागा करून दिली, ते फसलं, पण मोनॅकोत काय करून चालतं?)

तसं बघायला गेलं तर पेट्रोल आणि टायर दोन्ही असलेली सगळ्यात गाजलेली रेस १९५७ ची आहे, न्युर्बुर्गरिंग, फांजिओ हा ड्रायव्हर मासेराटी गाडीत. अर्धीच टाकी भरून निघाला, पुढे गेला, मध्ये पेट्रोल आणि टायरसाठी थांबला तेव्हा हातात तीसेक सेकंदांची आघाडी होती आणि बाहेर पडला तेव्हा तो दोन फेरारींच्या मागे, जवळपास ५० सेकंद. मग त्याने लॅपमागून लॅप रेकॉर्ड मोडत त्या दोघांना गाठलं. पाइपवाले हे उदाहरण हमखास देतात. पण त्या स्टॉपला इतका वेळ का लागला म्हणून सांगतात माहितीये? चाकाचा एक नट गाडीखाली घरंगळला आणि मेकॅनिक तो शोधत बसला होता.